आईच्या नखांची गोलाई

तीन वर्षांपूर्वी दिवाळीला मी गावी गेले होते, तेव्हा आईने मला तिची नखं कापून द्यायला सांगितलं. तिने आयुष्यात कधी कोणाकडून नखं कापून घेतली नव्हती. ब्लेडने स्वतःच कापायची. पण हल्ली ब्लेड लागत नाही, म्हणाली, नख खाली वळून जातं. मी पर्समधलं नेलकटर काढलं आणि अंगणात तिच्यासमोर बसले. नेलकटरही नीट बसेना. तिची नखं घड्याळाच्या काचेसारखी फुगीर झाली होती आणि बोटांची टोकं जाड, गोल. अंगठ्याच्या नखाच्या मुळाशी दाबून पाहिलं, तर तिथली कातडी स्पंजासारखी दबली.

त्या क्षणी एक विचार आला. पुस्तकातल्या चित्रासकट आला. फुफ्फुसांच्या काही जुनाट आजारांत बोटांची टोकं अशी होतात, हे मला माहीत होतं. मी डॉक्टर नाही. पण पीएचडीची चार वर्षं मी ज्या प्रयोगशाळेत घालवली, तिथे फुफ्फुसांवरच काम चालायचं, आणि अशा बोटांचे फोटो मी कितीदा तरी पाहिले होते. तो विचार आला आणि मी म्हटलं, "माय, बिड्या वळून वळून झालं हे."

ती म्हणाली, "असंल."

मग मी उरलेली नखं कापली.

आई पस्तीस वर्षं बिड्या वळत होती. सिहोऱ्याच्या पुढे आमचं गाव आहे. वडील होते तोवर तलावात मासे धरायचे, थोडं धान व्हायचं, आणि बाकी घर आईच्या सुपावर चालायचं. सूप मांडीवर, त्यात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात तेंदूची पानं. पान पत्र्याच्या मापावर ठेवून कातरायचं, चिमूटभर तंबाखू भरून वळायचं, दोरा गुंडाळायचा आणि लोखंडी पट्टीने टोक आत दुमडायचं. हे सगळं ती न बघता करायची. मी त्याच सुपाशेजारी बसून अभ्यास केला. माझ्या वह्यांना तंबाखूचा वास यायचा. तुमसरच्या शाळेत शेजारच्या मुलीने एकदा माझी वही नाकाशी नेली आणि परत माझ्याकडे सरकवली. तिथूनच सुरू झालं असेल. पण हे मी सबब म्हणून सांगत नाही.

नागपूरला प्रयोगशाळेत पहिल्याच महिन्यात कोणीतरी जेवताना विचारलं, तुझी आई काय करते? मी म्हटलं, अंगणवाडीत आहे. इतक्या सहज म्हटलं की मलाच ते खरं वाटलं. पुढे लग्न झालं, नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये आलो, तिथेही शेजारणींना मी तेच सांगितलं. मध्ये पीएचडीची तोंडी परीक्षा झाली, तेव्हा आई आणि माझा मोठा भाऊ नागपूरला आले होते. बसस्थानकावरून येताना ऑटोत मी आईला सांगून ठेवलं, की कोणी विचारलं तर बिड्यांचं बोलायचं नाही, अंगणवाडीत आहे म्हणायचं. भाऊ पुढे ऑटोवाल्याच्या बाजूला बसला होता. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

आई हसली. "मंग पोरं किती हायेत माया अंगणवाडीत?"

"पंचवीस."

"बरं."

त्या दिवशी तिने दिवसभर हात पदराखाली ठेवले. चहाचा कपसुद्धा पदराने धरला. माझ्या मार्गदर्शक बाईंनी विचारलं, तर तिने पंचवीस पोरं आहेत जी, असं न अडखळता सांगितलं. परतीच्या वाटेवर ती त्या पोरांची थट्टा करत होती. आज कोणालेच खिचडी नाही भेटली, एक पोट्टं तर रडूनच राहिलं असंल, म्हणत होती. मीही हसले. मला वाटलं, तिने ते गमतीत घेतलं.

आम्ही प्रयोगशाळेत काय काम करत होतो, ते इथे सांगायला हवं. त्याशिवाय माझी चूक किती मोठी होती ते कळणार नाही.

शाळेत शिकवतात की विटांचं घर तसं पेशींचं शरीर. मी भंडाऱ्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते, मीही तसंच सांगते. पण पेशी एकमेकींना चिकटून, मधे काहीच नाही अशा बसलेल्या नसतात. त्यांच्या मधे त्यांनीच विणलेलं एक द्रव्य असतं. पुस्तकी भाषेत पेशीबाह्य आधारद्रव्य. त्यात कोलॅजेनचे बळकट तंतू असतात, ताणून पुन्हा जागेवर येणारे लवचीक तंतू असतात, काही चिकट प्रथिनं असतात, आणि या सगळ्याला भिजवून ठेवणारं जेलीसारखं पाणी असतं. पूर्वी लोक याला निव्वळ भराव समजत, विटांमधला चुना. पण चुना विटेशी बोलत नाही. हे द्रव्य पेशीशी बोलतं. पेशीच्या आवरणावर काही प्रथिनं असतात. त्यांचं एक टोक बाहेरच्या तंतूला धरून असतं आणि दुसरं पेशीच्या आत. पेशी सतत तो तंतू ओढून पाहत असते. तंतू सहज आला तर भोवती मऊ आहे, आला नाही तर कठीण आहे, हे तिला कळतं. तो निरोप आत केंद्रकापर्यंत जातो आणि कोणती जनुकं वाचायची, कोणती मिटून ठेवायची, ते त्यावरून बदलतं. पेशीने वाढावं, की गप्प बसावं, की मरावं, हे बऱ्याच अंशी ती कशावर बसली आहे त्यावर ठरतं.

मी दोन प्रकारची जेल बनवायचे. एक निरोगी फुफ्फुसाइतकी मऊ, दुसरी आजारी फुफ्फुसाइतकी ताठर. दोन्हींवर एकाच बाटलीतल्या पेशी सोडायचे. या पेशींचं काम तंतू विणण्याचं. दोन दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की मऊ जेलवरच्या पेशी लहान, गोलसर, स्वस्थ असायच्या. ताठर जेलवरच्या पसरलेल्या, ताणलेल्या, त्यांच्या आत जाड दोरखंड उभे राहिलेले, आणि त्या कोलॅजेन विणत सुटलेल्या. त्या कोलॅजेनने जागा आणखी ताठर होते, ताठर जागा त्यांना आणखी विणायला सांगते. त्याहून वाईट गोष्ट अशी, की चट्टा बनवा असा हुकूम देणारं एक प्रथिन या तंतूंमध्ये आधीपासूनच कुलूप लावून ठेवलेलं असतं. मऊ जागी पेशीने ओढलं तर तंतूच पुढे येतो, कुलूप शाबूत राहतं. ताठर जागी तंतू हलत नाही, त्यामुळे ओढ कुलपावर येते आणि ते उघडतं. जखम भरून यायला हीच यंत्रणा लागते. पण फुफ्फुसाच्या तंतुमयतेत ती थांबत नाही. हवेच्या नाजूक पिशव्यांच्या भिंती जाड होत जातात, आणि माणूस आत घेतलेल्या हवेला रक्तापर्यंत पोचवू शकत नाही.

मला चार वर्षांत हे एवढंच शिकवलं गेलं होतं. मी त्यावर प्रबंध लिहिला. आणि आईचा अंगठा हातात धरून म्हटलं, बिड्यांनी झालं.

त्या दिवाळीनंतर दोन महिन्यांनी भावाचा फोन आला. आईला नळावरून घरी येताना मधे बसावं लागतं, म्हणाला. कोरडा खोकला जात नाही. भंडाऱ्याच्या डॉक्टरने नागपूरला नेऊन छातीचं स्कॅन करून घ्यायला सांगितलं होतं, आणि रुग्णालयाचं नाव लिहून दिलं होतं. ते तेच रुग्णालय होतं, ज्याच्या आवारात आमची प्रयोगशाळा होती. शस्त्रक्रियेत काढलेले फुफ्फुसांचे तुकडे आमच्याकडे तिथूनच यायचे. छातीचे मोठे डॉक्टर मला नावाने ओळखत. आणि छातीचा डॉक्टर रोग्याला पहिला प्रश्न कोणता विचारतो, तेही मला ठाऊक होतं. आयुष्यभर काय काम केलंत?

मी भावाला म्हटलं, सध्या कायले नेतं, थंडीचा खोकला आहे, वय झालं तिचं. तिथे उगाच दहा तपासण्या लावतात. उन्हाळ्यात बघू. मी एका कफ सिरपचं नाव सांगितलं. भावाने विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, नक्की.

भाऊ दहावी शिकला आहे. तलावाच्या मासेमारी सोसायटीत आहे, धान पेरतो. शास्त्राच्या गोष्टीत तो माझ्या शब्दापुढे कधी गेला नाही. उन्हाळा आला, लग्नसराई आली, मग भातलावणीचा रोवणा आला. दर वेळी मी थोडं थांबा म्हटलं. आई फोनवर बरी हाओ म्हणायची, पण एक वाक्य ती दोन श्वासांत बोलायची. मी वर्गात श्वसनसंस्था शिकवत होते.

पुढच्या जानेवारीत तिचे ओठ निळे दिसले, तेव्हा भावाने मला न विचारता गाडी केली आणि नागपूरच्या वाटेवरून फोन केला. मी जवाहरनगरच्या फाट्यावर त्यांच्या गाडीत बसले. आईने मला पाहून पदर सारखा केला आणि हात आत घेतले.

डॉक्टरांनी मला ओळखलं, बसायला सांगितलं. त्यांनी आईच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ ऐकत राहिले. मग विचारलं, "आजी, काय काम करत होता तुम्ही?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरांकडे. "अंगणवाडीत होती जी. पंचवीस पोरं होते."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. मी समोर बसले होते. भाऊ भिंतीला टेकून उभा होता, त्याने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. आईला श्वास पुरत नव्हता, आणि त्यातला एवढा तिने माझ्या खोट्यावर खर्च केला होता.

मग डॉक्टरांनी तिचे हात मागितले. तिने नाइलाजाने पदरातून काढले. त्यांनी बोटं उलटसुलट करून पाहिली, दोन अंगठ्यांची नखं पाठीला पाठ लावून धरली. निरोगी नखांमध्ये तिथे हिऱ्याच्या आकाराची एक बारीक फट दिसते. तिच्यात ती नव्हती. ही बोटं अशी कधीपासून आहेत, असं त्यांनी विचारलं. आई उत्तर द्यायच्या आत मी म्हणाले, "सव्वा वर्ष."

स्कॅनमध्ये फुफ्फुसांचा खालचा भाग मधमाश्यांच्या पोळ्यासारखा दिसत होता. डॉक्टर माझ्याशी मोकळेपणाने बोलले, कारण त्यांना वाटलं मला समजेल. आणि मला समजलंच. गोळ्या आहेत, म्हणाले, पण त्या वेग कमी करतात. विणलं गेलेलं उसवत नाहीत. जितक्या लवकर सुरू कराव्यात तितकं वाचवायला जास्त उरलेलं असतं. आता उशीर झाला आहे, तरी देऊ. कशामुळे झालं, हे भावाने विचारलं. ते म्हणाले, नेमकं सांगता येत नाही. चुलीचा धूर, धूळ, वय, अंगातलाच काही कल, पुष्कळदा कारण सापडत नाही.

तीन आठवड्यांनी मी त्यांना फोन करून सांगितलं की आई अंगणवाडीत कधीच नव्हती, ती पस्तीस वर्षं बिड्या वळत होती. ते म्हणाले, औषध तेच राहील, पण बरं झालं सांगितलंत, नोंद बरोबर हवी. का लपवलं, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

आई भाद्रपदात गेली. दुपारची वेळ होती, ऑक्सिजनचं मशीन चालू होतं, भाऊ तिची पाठ चोळत होता. मी कॉलेजातून निघाले होते आणि तुमसरच्या रेल्वे फाटकाशी अडकले होते.

दहाव्याला तलावाच्या पाळीवर तीसचाळीस माणसं होती. आईचा धाकटा भाऊ, आमचा मामा, वैनगंगेच्या पलीकडे कारध्याला राहतो. बोलायला तिखट माणूस. भाऊ मुंडन करून ओल्या अंगाने उभा होता, आणि मामा सगळ्यांसमोर त्याला म्हणाला, "नागपूर काय लय दूर होतं काय रे? मळणीची मशीन येते तुया शेतात. मायसाठी गाडी नाही आली वर्षभर."

भाऊ म्हणाला, "चुकलं मामा."

मी दहा पावलांवर बायकांमध्ये बसले होते. मला प्रत्येक शब्द ऐकू आला. माझ्या शेजारच्या एका आत्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, तू तं शिकलेली, तू सांगतलंच असंल बाई, पण आपलं कोण ऐकते. आणि मी मान हलवली.

नखांपेक्षा, फोनपेक्षा, त्या हललेल्या मानेची मला जास्त लाज वाटते. आजही वाटते.

नंतरच्या दिवसांत मी पुन्हा वाचायला लागले. शोक करायची मला दुसरी रीत येत नाही. त्यात एक प्रयोग आहे, तो आमच्याही प्रयोगशाळेत केला जायचा. आजारी फुफ्फुसाचा तुकडा घेऊन त्यातल्या सगळ्या पेशी धुऊन काढायच्या. मागे नुसता तंतूंचा पांढरा सांगाडा राहतो. मग त्यावर निरोगी माणसाच्या पेशी सोडायच्या. थोड्याच दिवसांत त्या आजारी पेशींसारख्या वागू लागतात. त्यांच्यात दोष नव्हता. त्या जिथे बसल्या, तिथे होता. हे वाचताना मला एकदा बरं वाटलं. वाटलं, मीही अशीच. शाळेतली ती वही, नागपूरचं ते जेवणाचं टेबल, क्वार्टरमधल्या शेजारणी, भोवती जे होतं त्याने मला असं केलं. पण हे बरं वाटणं फार टिकलं नाही. आई त्याच भोवतालात होती आणि तिला बिड्यांची लाज नव्हती. भाऊही होता. आणि पेशीला आपण कुठे बसलोय ते माहीत नसतं. मला माहीत होतं.

डिसेंबरात भाऊ नव्या तांदळाचं पोतं घेऊन जवाहरनगरला आला. दर वर्षी येतो. पोतं स्वयंपाकघरात ठेवलं, पाणी प्यायला, खुर्चीच्या काठावर बसला. तलावात पाणी किती आहे, यंदा मासोळी कशी आहे, हे बोलून झालं. मग म्हणाला, "बाई, एक विचारू? खरं सांगजो."

"विचार."

"डॉक्टरनं बोटाचं विचारलं, तं तू सव्वा वर्ष म्हटलं. आम्हाले घरात कोणालेच मालूम नव्हतं. तुले तेव्हाच मालूम होतं काय?"

मी म्हटलं, "शंका आली होती."

"मंग काहून नाही बोलली?"

"तिथं सगळे मले ओळखत होते, भाऊ. बिड्यांचं निघालं असतं."

घरी गेले की माझी बोली आपोआप परत येते, पण क्वार्टरमध्ये मी ती कधी बोलत नाही. त्या दिवशी बोलले. भाऊ हाताच्या घट्ट्याकडे बघत राहिला. मी वाट पाहत होते की तो चिडेल. तो म्हणाला, "मायले मालूम होतं हे."

तू फोनवर नाही म्हटलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गाडी सांगितली होती, म्हणाला. माझ्या शब्दापुढे तो एकदाच गेला होता, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. आईने गाडीत बसायला नकार दिला. तिथे पोरीच्या ओळखीची माणसं आहेत, म्हणाली, तिचं नाव जाईल. ती नाही म्हणते तर नाही. आणि हे पोरीला सांगायचं नाही, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. म्हणून दहाव्याला तो चुकलं म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता?

मी रडले की नाही ते आठवत नाही. एवढं आठवतं की मी त्याला म्हटलं, चल, मामाकडे जाऊ. तो नको म्हणत होता. माझ्या आग्रहाने आला. आम्ही पूल ओलांडून कारध्याला गेलो. मामा ओट्यावर जाळं नीट करत बसला होता. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. नखं, फोन, अंगणवाडी, गाडी. मामाने हातातलं काम थांबवलं नाही. माझं झाल्यावर तो भावाला म्हणाला, "चहा घेशीन?" मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "दहाव्याले चाळीस लोकं होते. आज मी एकटा हाओ. मले सांगून काय होते?"

त्याचं बरोबर होतं. भावाचा अपमान मी चारचौघांत होऊ दिला होता आणि माझी चूक मात्र एका ओट्यावर येऊन मिटवायला बघत होते. वर्षश्राद्धाला अजून नऊ महिने होते. ते नऊ महिने मी रोज ठरवत होते आणि रोज एखादी वाट शोधत होते. कधी वाटायचं, आईला ते आवडलं नसतं. कधी वाटायचं, लोक विसरले असतील. तुमसरच्या बाजारात भेटलेल्या एका दूरच्या नातेवाइकाने, तुझ्या भावाने म्हातारीचे हाल केले म्हणतात, असं विचारलं, तेव्हा ती वाटही बंद झाली. त्यालाही मी तिथल्या तिथे उत्तर दिलं नाही, हेही लिहून ठेवते.

यंदा वर्षश्राद्धाला घरासमोर मांडव होता. पत्रावळी मांडल्या होत्या, माणसं बसली होती, भाऊ आणि वहिनी वाढायला निघाले होते. मी उभी राहिले.

"दहाव्याले सारे भावाले बोलले," मी म्हटलं. "त्याचं काही चुकलं नव्हतं. मायले नागपूरले नेऊ नको, असं मीच सांगतलं होतं. मले आजाराची शंका आली होती, तरी सांगतलं. माय बिड्या वळते हे तिथल्या लोकांले मालूम होऊ नाही, म्हणून."

पुरुषांच्या पंगतीतून मामाने भावाला हाक मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "इकडं ये रे. मायापाशी बस. वाढणारे वाढतीन." भाऊ भाताची बादली खाली ठेवून गेला. मामाने सरकून जागा केली. माझ्या हातून जे व्हायचं होतं ते एवढंच होतं, आणि ते झालं.

मी बायकांच्या पंगतीत बसायला वळले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या पंगतीतल्या निम्म्याहून जास्त बायका बिड्या वळतात. मी भावाचा विचार केला होता, मामाचा केला होता, त्यांचा केला नव्हता. आईच्या शेजारी सूप घेऊन तीस वर्षं बसलेली एक म्हातारी समोरच होती. तिचे हात पत्रावळीच्या दोन बाजूंना उघडे होते. तिने माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही.

"आमी बी वळतोच बाई," ती म्हणाली. "आमच्या पोरी कोणाले काय सांगतेत, आमाले काय मालूम."

कोणीतरी हसलं. भाऊ बसल्यामुळे भाताची बादली तशीच पडून होती. ती मी उचलली आणि त्या म्हातारीपासून वाढायला सुरुवात केली. तिने एक मूठ भात घेतला आणि हाताने पुरे म्हणून सांगितलं. मी पुढच्या पत्रावळीकडे गेले.